हे बटण कोण दाबणार?

वेबपान उघडायला किती वेळ लागतो ते अक्का कानडीत मोजायच्या, आणि मोठ्यानं मोजायच्या. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या, पडद्याकडे बघायच्या आणि सुरू करायच्या, ओंदु, एरडु, मूरु. बंगळूरमधल्या इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात सगळे कानांत हेडफोन घालून बसत, तरी अक्कांचे आकडे प्रत्येकाला ऐकू जात. स्वतःचं काम उघडताना त्या चार-पाचाच्या पुढे क्वचित जायच्या. माझं पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्या हन्नोंदुपर्यंत गेल्या, म्हणजे अकरापर्यंत, आणि माझ्याकडे वळून विचारलं की एवढा वेळ लागणारच असेल तर ते वापरणाऱ्या कामगारांना आधी सांगून ठेवायचं का. त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मला तो आकडा अजून आठवतो, कारण पलीकडच्या रांगेतलं कुणीतरी हसलं होतं.

त्यांचं वय तेव्हा एकावन्न होतं. मॅनेजरपासून खालच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांचं घराणं तीन-चार पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं, शिंपीकाम करणारं. घरात मराठी बोलत, पण ती मराठी मी आधी कधी ऐकली नव्हती. वाक्य मराठी, आणि त्यात थोडंला स्वल्प, बरंला सरी, नकोला बेडा असे कानडी शब्द भाजीत खोबरं घालावं तसे सैल हातानं टाकलेले. मी पुण्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, तिंडी झाली का, आणि मला कळेना की काय झाली का. नाश्ता, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि डबा पुढे केला. मी चौतीस वर्षांची, टीमची प्रमुख, आणि त्या मला पुट्टी म्हणू लागल्या. पुट्टी म्हणजे लहान मुलगी. चारचौघांत मात्र न चुकता मॅडम म्हणत.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात बावीस वर्षं काढली होती. सुरुवातीला ड्रॉइंग काढायच्या. मग यंत्रांवर जो छोटा पडदा असतो, ज्यावरची बटणं दाबून कामगार यंत्र चालवतो, त्याचे प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. मालकांनी कारखाना बंद केला. आमच्या मॅनेजरनं एका कामाच्या निमित्तानं त्यांना तिथे पाहिलं होतं. त्यांनी अक्कांना एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलं आणि शिकवायला माझ्याकडे दिलं.

ते साहजिकच होतं. आम्ही ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे अ‍ॅप बांधायच्या तयार सांगाड्यावर, काम करायचो ते कंपनीत मी आणलं होतं. कोड एकदाच लिहायचा आणि तोच फोनवर, टॅबवर आणि ब्राउझरमध्ये चालवायचा. आधी या तिन्हींसाठी तीन वेगळ्या टीम लागायच्या. मी हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मॅनेजरनं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर शहरात दोन-तीन ठिकाणी मी त्यावर बोललेही होते. ऑफिसात त्याबद्दल कुणाला काही अडलं की माझ्याच टेबलाशी यायचं, हे ठरून गेलेलं होतं, आणि मला त्याची सवय झाली होती.

पहिले दोन आठवडे अक्का मला फार आवडल्या. त्या दोन बोटांनी टाइप करायच्या. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्यायच्या. मी सांगितलेलं घरी जाऊन पुन्हा करून आणायच्या. मी शिकवतेय आणि समोरच्याला येत नाहीये, यात एक ऊब असते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं की एखाद्याकडे माउसच नसेल, तर कीबोर्डवरची ‘टॅब’ लिहिलेली कळ दाबून तो एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाईल. पण तो कोणत्या क्रमानं जाईल, आणि तो क्रम कोण ठरवतं? मी म्हटलं, ते आपोआप ठरतं. त्या मान डोलावून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खुर्चीपाशी उभ्या होत्या. आपोआप ठरतं, पण कधीकधी चुकीचं ठरतं, म्हणाल्या, आणि ते कसं बदलायचं हे त्यांनी मला करून दाखवलं. मी छान म्हटलं. तो दिवस आणि त्या दिवशी छान म्हणताना ताणलेले माझे गाल मला नीट आठवतात.

'युझर' हा शब्द त्यांना चालायचा नाही. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की इथे युझर हे बटण दाबेल, की अक्का विचारायच्या, "कोण?" युझर, असं उत्तर मिळालं की पुन्हा विचारायच्या, "हो, पण कोण? नाव काय?" नाव सांगता आलं नाही तर त्या ते बटण लिहायला घेत नसत. टीममधले बाकीचे चौघे सुरुवातीला हसायचे. मग गंमत म्हणून नावं शोधू लागले, आणि नावं शोधायला, ज्याचं काम असेल त्या कारखान्यात फोन करू लागले.

दुसरी त्यांची तऱ्हा म्हणजे पुठ्ठे. घरून साडीची रिकामी खोकी आणायच्या आणि त्यातून तीन तुकडे कापायच्या, एक फोनच्या मापाचा, एक टॅबच्या, एक कंप्यूटरच्या पडद्याच्या. त्यांवर कागदाची बटणं टाचणीनं लावायची आणि सरकवत बसायचं. लहान पुठ्ठ्यावरून उचलून मोठ्यावर लावायची, पुन्हा लहानावर. ती बटणं तिन्ही पुठ्ठ्यांवर नीट बसल्याशिवाय त्या कोडची एक ओळ लिहीत नसत. आमच्याकडे हे सगळं करायला चांगलं महागडं सॉफ्टवेअर होतं. मी त्यांना ते उघडून दिलं. त्यांनी दोन दिवस वापरून पाहिलं आणि म्हणाल्या, चांगलं आहे, पण यात टाचणी टोचत नाही. याचा अर्थ काय, ते मी त्यांना विचारलं नाही. बाकीचे चौघे मात्र महिन्याभरात टाचण्या घेऊन त्यांच्याभोवती बसायला लागले होते.

होसकोटेजवळ गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. त्याचं काम आमच्याकडे आलं. एखादं यंत्र बंद पडलं की कामगारानं लगेच नोंद करायची, दुरुस्ती करणाऱ्याला ती फोनवर दिसायची आणि सुपरवायझरला ऑफिसातल्या ब्राउझरमध्ये. सगळं कानडीत. मी फोनचं अ‍ॅप बनवलं आणि मॅनेजरला सांगितलं की वेबचं वेगळं काही करायचं नाही, हाच कोड तिथे चढवायचा. चढवलाही. दाखवायला बसलो तेव्हा अक्कांनी पान उघडलं, मोजलं, एक नोंद अर्धी भरली आणि ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबलं. सगळं अ‍ॅपच निघून गेलं. भरलेली नोंदही गेली.

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फोनच्या अ‍ॅपमध्ये मागे जायची सोय आतच आहे, लोक ती वापरतील. अक्का हळूच म्हणाल्या, "ब्राउझरमध्ये माणूस मागे जाणारच की. दहा वर्षं तेच करत आला आहे तो. आपल्यासाठी कशाला सोडेल?"

एका आठवड्यात त्यांनी प्रत्येक पडद्याला स्वतःचा पत्ता दिला, मागे-पुढे जाणं नीट केलं, अर्धी नोंद जपून ठेवायची सोय केली, आणि पान उघडायला लागणारा वेळ पाचावर आणला. पुढच्या सोमवारी मॅनेजरनं जाहीर केलं की यापुढे वेबचं सगळं अक्का बघतील आणि मी फोनवर लक्ष द्यावं. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. मीही सहज मान हलवली.

त्यानंतरचे महिने मी ज्या स्थितीत काढले त्याबद्दल लिहायला मला अजून लाज वाटते. मी मोजायला लागले होते. अक्का आकडे मोजायच्या तशी मी माणसं मोजायची. दिवसभरात त्यांच्या टेबलाशी किती जण गेले आणि माझ्याशी किती आले. एकदा माझ्या टेबलाशी सगळा दिवस फक्त एक जण आला आणि त्यानं विचारलं की अक्का कुठे आहेत. त्यांच्या कोडमध्ये चूक सापडावी म्हणून मी तो रोज वाचायचे. चूक सापडायची नाही, आणि त्यातलं काहीतरी मला माझ्या कामात वापरावंसं वाटायचं, आणि मी वापरायचेही. त्यांच्याकडे पदवी नव्हती, डिप्लोमा होता; ही गोष्ट मी दोनदा बोलण्याच्या ओघात आल्यासारखी मॅनेजरच्या कानावर घातली. एका शनिवारी ऑफिसच्या जेवणाला नवऱ्याला घेऊन गेले होते. परतताना तो म्हणाला, तुझ्या त्या अक्का काय छान बाई आहेत. घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

अक्का दर आठवड्याला बस बदलत होसकोटेला जायच्या. तिथे तपासणीच्या लाइनवर रत्नम्मा नावाची बाई होती, अक्कांच्याच वयाची. अक्का तिच्या शेजारी उभ्या राहायच्या, तिच्यासारखे हातमोजे घालायच्या आणि उभ्यानं टॅब वापरून बघायच्या. आल्यावर सांगायच्या, रत्नम्माला हे बटण बारीक पडतं, रत्नम्माचा अंगठा इथे पोचत नाही. एवढ्या लांब जायची गरज काय, असं मी एकदा विचारलं. "बसून केलं तर बसणाऱ्याला चालतं, पुट्टी," त्या म्हणाल्या. "ती उभी असते ना."

कारखान्याला काम दाखवायचा दिवस शुक्रवारी ठरला. त्या आठवड्यात बुधवारी दुपारी, नेहमीसारखी चूक शोधत मी अक्कांचं वेबपान उघडून बसले होते. ते उघडताना ब्राउझर कुठून काय काय मागवतो त्याची यादी बघत होते. त्यात मला ती सापडली. कानडी अक्षरांचा फॉन्ट आमच्या अ‍ॅपमध्ये नव्हताच. फ्रेमवर्कला कानडी अक्षर दिसलं की ते तो फॉन्ट बाहेरून, इंटरनेटवरून आणायचं. ऑफिसात ते इतक्या झटकन व्हायचं की कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अक्कांच्याही नाही. होसकोटेला त्या फोन आणि टॅब घेऊन जायच्या, त्यांच्यावर कानडी आधीपासून असतं.

आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती. कारखान्यातल्या ज्या कंप्यूटरवर हे उघडायचं होतं ते बाहेरच्या इंटरनेटला जोडलेले नव्हते, फक्त कारखान्याच्या आतल्या नेटवर्कला होते. तशी मेल त्यांच्या सुपरवायझरनं मला पाठवली होती, टीमची प्रमुख म्हणून फक्त मला. माझ्याकडून ती पुढे पाठवायची राहिली होती. तोपर्यंत ते विसरणं खरं होतं.

मी अक्कांना मेसेज लिहायला घेतला. दोन ओळींचं काम होतं. फॉन्टची फाइल अ‍ॅपमध्ये घालायची आणि नाव लिहायचं, वीस मिनिटं. मी लिहिलं, वाचलं आणि पुसलं. वेब त्यांच्याकडे आहे, तपासायचं काम त्यांचं आहे, असं मी मनाशी म्हटलं. सगळे मलाच का विचारत नाहीत आता, असंही म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी निघताना अक्का माझ्याकडे आल्या. पर्स खांद्याला, हातात छत्री. "काही राहिलं का पुट्टी? तू बघितलंस ना एकदा?"

"बघितलं," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि त्या गेल्या.

शुक्रवारी मॅनेजर, अक्का आणि मी गाडीनं होसकोटेला गेलो. कारखान्याच्या एका खोलीत मोठा पडदा लावला होता. त्यांचे दोन अधिकारी, सुपरवायझर, आणि अक्कांच्या आग्रहावरून रत्नम्मा आणि तिच्या लाइनवरच्या तीन बायका. अक्कांनी तिथल्या कंप्यूटरवर पान उघडलं. रंग आले, चौकटी आल्या, बटणं आली. आणि जिथे जिथे कानडी हवं तिथे रिकामे चौकोन, एकाशेजारी एक, ओळीच्या ओळी. यंत्रांची नावं चौकोन, बटणांवर चौकोन, सगळ्यात वर कारखान्याचं नावही चौकोन.

मी पडद्याकडे न बघता अक्कांकडे बघत होते. मला बघायचं होतं. त्यांनी पान पुन्हा उघडलं. पुन्हा चौकोन. त्यांच्या मानेवर लाली चढली. एक अधिकारी घड्याळ बघून म्हणाला की पुढच्या आठवड्यात बघू या का.

तेवढ्यात रत्नम्मा उठली. तिनं अक्कांना कानडीत विचारलं की कोणतं यंत्र बंद पडलं असं धरायचं. अक्का म्हणाल्या, तुझ्या मागचं, खिडकीजवळचं. रत्नम्मानं माउस हातात घेतला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातला चौकोनी अक्षरांचा निळा ठोकळा दाबला. मग खालचं लाल बटण, मग मोठं हिरवं. मॅनेजरच्या हातातला, कारखान्याच्या नेटवर्कला जोडलेला फोन वाजला. नोंद आली होती, आणि फोनवर कानडी होतंच, त्यामुळे ती नीट वाचता येत होती. खिडकीजवळचंच यंत्र होतं.

अधिकाऱ्यानं तिला विचारलं की वाचता न येता तुला कसं कळलं. तिला तो प्रश्नच विचित्र वाटला. यंत्रं जशी उभी आहेत तशीच इथे आहेत, ती म्हणाली. तिच्या मागून दुसरी बाई उठली आणि तिनंही केलं. मग तिसरी. अक्कांनी पडद्यावरचे ठोकळे कारखान्यातल्या यंत्रांच्या मांडणीप्रमाणे लावले होते, हे रोज कोड वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ती मांडणी कधी पाहिलीच नव्हती.

कारखान्यानं काम पसंत केलं. खोलीतून निघण्याआधी सुपरवायझर अक्कांना बाजूला घेऊन काही बोलला. मग अक्का सगळ्यांसमोर येऊन म्हणाल्या, "अक्षरं आली नाहीत ती माझी चूक आहे. सोमवारी येतील." परतीच्या वाटेवर मॅनेजर त्यांना बरंच बोलले. त्या खिडकीतून बाहेर बघत ऐकत राहिल्या. मी पुढच्या सीटवर होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, निदान अपराधी तरी. मला वाटत होतं ते असं की ही बाई पडतही नाही.

दोन महिन्यांनी त्यांचं वर्ष संपत आलं. मॅनेजरनं मला आत बोलावून विचारलं की अक्कांना पुढे ठेवावं का, तुझं मत काय. त्यांना ठेवायचं होतं, हे त्यांच्या विचारण्यावरून कळत होतं. मी म्हटलं, अक्का फार चांगल्या आहेत, पण होसकोटेसारखं एखाद्या मोठ्या ग्राहकासमोर झालं तर? एवढंच. मॅनेजर थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग हो, तेही आहेच, म्हणाले.

शेवटच्या दिवशी अक्कांनी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन निरोप घेतला. चौघांपैकी एकीला रडू आलं. मला त्या म्हणाल्या, "सरी, येते पुट्टी. नीट राहा." त्यांचे पुठ्ठे टीमनं ठेवून घेतले.

वेब पुन्हा माझ्याकडे आलं. लोक पुन्हा माझ्या टेबलाशी येऊ लागले, आणि मी मोजणं सोडून दिलं होतं. नवीन काम असलं की चौघे विचारायचे, पण हे कोण दाबणार, आणि मग माझ्याकडे बघायचे. त्यांना नाव हवं असायचं. माझ्याकडे नाव नसायचं.

आठ महिने गेले. एका रविवारी मी कुणाला न सांगता कॉटनपेटला अक्कांच्या घरी गेले. पत्ता जुन्या कागदांत होता. खाली त्यांच्या यजमानांचं शिलाईचं दुकान, वर घर. मला बघून अक्कांना नवल वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. कॉफी केली. मी पेला हातात धरून बसले आणि बुधवारची यादी, ती मेल, पुसलेला मेसेज, सगळं सांगितलं.

"म्हाईत आहे," अक्का म्हणाल्या. "त्या सुपरवायझरनं तिथंच सांगितलं मला. मॅडमना मेल केली होती म्हणून."

मी विचारलं, मग त्या वेळी का बोलला नाहीत.

"लई राग आला होता. बोलले असते तर गाडीत मॅनेजरसमोर बोलले असते." त्यांनी साडीचा काठ सारखा केला. "आणि त्यांचा कंप्यूटर मी एकदा उघडून बघायचा होता की. टॅब बघितला, फोन बघितला, तो नाही बघितला. तू सांगितलं नाहीस ते तुझं. मी बघितलं नाही ते माझं."

मला वाटलं, इथे थांबावं. त्यांना जे माहीत होतं तेवढंच सांगून झालं होतं, आणि त्यांनी ते झेललं होतं. पण मी ज्यासाठी आले होते ते राहिलं होतं. मॅनेजरच्या केबिनमधलं माझं ते एक वाक्य मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, थांबून थांबून. अक्का म्हणाल्या, "हे म्हाईत नव्हतं मला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला वाटलं वय बघून काढलं. आठ महिने मी समजून आहे की मी आता म्हातारी झाले, नवीन लोकांत चालत नाही."

त्या उठून आत गेल्या. मी निघावं की बसावं ते मला कळेना. आतून भांड्यांचा आवाज येत नव्हता, नळाचा येत नव्हता. मी पेला खाली ठेवला आणि चपलांकडे बघत बसले. रडणं मला शोभलं नसतं, म्हणून रडले नाही.

त्या आल्या त्या लॅपटॉप घेऊन. डोळे पुसलेले होते. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून त्यांनी उघडला. गल्लीतल्या शिंप्यांसाठी त्या एक अ‍ॅप करत होत्या. गिऱ्हाइकांची मापं ठेवायची, दुकानातल्या फोनवर आणि घरच्या कंप्यूटरवर तीच. त्याच फ्रेमवर्कवर, मी शिकवलेल्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "चुका सांग. सगळ्या सांग."

मी बघायला लागले. पडद्यावर माणसाची आकृती होती. खांद्याला बोट लावलं की खांद्याचं माप, मनगटाला लावलं की बाहीचं. खिडकी बारीक केली की आकृती एका बाजूला सरकत होती आणि मापं तिच्याखाली येत होती. हे असं करायचं असतं, हे मला का सुचत नाही, असा तोच जुना कडवटपणा मनात आला. होसकोटेहून परतताना होता तसाच, जराही कमी न झालेला.

मग मला एक चूक दिसली. ब्राउझरमध्ये फ्रेमवर्क अक्षरं चित्रासारखी रंगवतं, त्यामुळे ती निवडता येत नाहीत. गिऱ्हाइकाचा फोन नंबर समोर दिसत होता, पण फोन करायचा तर तो तिथून उचलता येत नव्हता. यजमानांना तो बघून बघून पुन्हा टाइप करावा लागला असता. त्या बुधवारचा पुसलेला मेसेज मला आठवला. मग सांगितलं, आणि अक्षरं निवडता येण्यासाठी कोडमध्ये काय लिहायचं तेही सांगितलं.

त्यांनी वहीत लिहून घेतलं. "आणखी?"

मी दुसरी सांगितली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. अंधार पडायला लागेपर्यंत आम्ही बसलो होतो, आणि त्या सगळ्या वेळात त्यांनी मला एकदाही पुट्टी म्हटलं नाही. निघताना दारापर्यंत आल्या. पुन्हा ये, म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचते तोच त्यांचा मेसेज आला. 'नंबरचं केलं. बघ.' खाली पत्ता होता. मी उभ्या उभ्याच फोनवर उघडलं. मी सांगितलेलं त्यांनी केलं नव्हतं. अक्षरं निवडायची गरजच ठेवली नव्हती. नंबरला बोट लावलं आणि थेट फोन लागला, खालच्या दुकानात यजमानांनी उचलला आणि कानडीत विचारलं, कोण बोलतंय. चाचणीसाठी त्यांचाच नंबर घातला होता. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, अक्कांना सांगा, माझ्यापेक्षा चांगलं झालंय.